घरातली लेन्स आधी वापरा
(रौप्यमहोत्सवी छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



प्रदर्शन लावून झाल्यावर कमिटीने चार शब्द बोलायलाही सांगितले. मी काही छायाचित्रकार नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला हौशी माणूस. म्हणून माझी एक चूकच सांगतो.

काही वर्षांपूर्वी कोजागिरीला गच्चीवर, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात मी भरपूर फोटो काढले. आमच्या मजल्यावरचे काका त्या रात्री मनापासून गायले. दोन महिन्यांनी ते गेले. काकूंनी फ्रेम करायला फोटो मागितला. माझ्याकडे काकांचे अकरा फोटो होते, आणि अकराही हललेले!

मी लेन्सला दोष दिला आणि महागड्या लेन्सची चौकशी सुरू केली. मुलगा म्हणाला, "बाबा, आधी त्या फोटोंची सेटिंग्ज तर बघा." शटर १/८ सेकंद, ॲपर्चर एफ/५.६. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स पूर्ण झूम केल्यावर त्याहून जास्त उघडतच नाही. आणि ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घरात कपाटात पडून होती! ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे शटर १/८० ला चालले असते आणि काका स्पष्ट आले असते. खात्यात शिल्लक असताना मी कर्ज काढायला निघालो होतो.

तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. एखादा रविवार एकच लेन्स लावून फिरायचे, म्हणजे ती कळते. एफ/१.८ ला फोकस डोळ्यांवरच हवा. दोघे-तिघे असतील तर एफ/४ बरे. भरपूर उजेडात एफ/५.६ ते ८ ला बहुतेक लेन्स छान रेखीव चित्र देतात. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवायचा. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला चेहरा चालत नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायची. मोबाइलवाल्यांनी काच मऊ कापडाने पुसावी आणि झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे.

काकूंच्या भिंतीवर आज काकांचा जुना पासपोर्ट फोटो मोठा करून लावलेला आहे. त्यात काका गंभीर दिसतात. तसे ते कधीच नव्हते.

तेव्हा नवीन लेन्सची वाट पाहू नका. उद्या सकाळीच घरातल्या मोठ्यांना खिडकीजवळ बसवा, गप्पा मारा आणि फोटो काढा.