जुन्या लाकडी वाडग्यांची बैठक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कुणी पाककृती सांगते, कुणी भरतकाम दाखवते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या पडवीतल्या कामाबद्दल बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. पण आमच्या घरी सुतारकाम आहे, पडवीत लेथ आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून घरच्यांबरोबर मीही त्यावर हात चालवते. तेव्हा जे रोज करते तेच सांगते. गोड मानून घ्यावे.

पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खांब हे आमचे नेहमीचे काम. अलीकडे मात्र पुष्कळ जणी जुने लाकडी वाडगे आणि लहान काथवटी घेऊन येतात. कुणाला वाडा मोडताना माळ्यावर सापडलेला असतो, कुणी जुन्या बाजारातून घेतलेला असतो. सगळ्यांचे म्हणणे एकच, "जरा लेथवर लावून नव्यासारखा करून द्या." मला आज सांगायचे आहे ते या "लावून" शब्दाबद्दल. चकाकी शेवटी येते. वाडगा जगतो की मरतो हे तो लेथवर कसा बसवला त्यावर ठरते.

नव्या लाकडाचे सोपे असते. ठोकळा घेतला, लोखंडी तबकडीला स्क्रूने आवळला आणि कातला. पकडीची जागा शेवटी कापून टाकता येते. जुन्या वाडग्याला अशी जादा जागा नसते. बूड पातळ असते, स्क्रू मारला तर भोक आतून दिसते. आणि मुख्य म्हणजे जुना वाडगा गोल राहिलेला नसतो. लाकूड वाळताना रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. म्हणून कातताना गोल असलेला वाडगा काही दिवसांनी लांबट होतो. घरी पट्टी लावून पाहा. रेषांच्या दिशेने मोजा, मग आडवे मोजा. दहा इंची वाडग्यात दोन सुतांचा फरक सहज निघतो. (सुतारकामात इंचाची आठ सुते धरतात.)

आता असा वाडगा पुन्हा गोल करायला गेले तर काय होते? बाहेरून गोल करताना लांब टोकांकडचे एकेक सूत जाते. आतून गोल करताना आखूड बाजूंचे एकेक सूत जाते. दोन सूत जाडीची भिंत सगळीकडे एक सुतावर येते. आपल्या एका सदस्याने आजीचा फणसाचा वाडगा परगावच्या एका कारागिराकडे दिला होता. परत आला तेव्हा आरशासारखा चकाकत होता आणि अगदी गोल होता. चैत्रात त्याला काठापासून बुडापर्यंत चीर गेली. आजीने त्यात चाळीस वर्षे पीठ मळले होते, त्याला काही झाले नव्हते. म्हणून आमच्याकडे नियम आहे : लेथसाठी वाडगा बदलायचा नाही, वाडग्यासाठी बैठक करायची. डोक्यावर घागर घ्यायची तर चुंबळ आपण घागरीच्या बुडाप्रमाणे वळतो, घागर ठोकून चपटी करत नाही. तसेच हे.

पहिले काम तपासणीचे. मडके घेताना टिचकी मारतो तशी मारायची. आवाज खणखणीत आला तर ठीक, फुटका आला तर चीर आहे, तो वाडगा फिरवायचाच नाही, हातानेच घासायचा. मग लोहचुंबक फिरवून पाहायचा, कारण जुन्या डागडुजीत खिळे किंवा पत्र्याच्या पट्ट्या असतात. वाडगा रंगवलेला असेल तर आणखी जपायचे. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० च्या वर नसावे हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. तो घासला की धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांना ती फार वाईट. असा वाडगा आम्ही घासत नाही. शोभेला ठेवा म्हणून सांगतो.

आता बैठक. आतली बाजू करायची असेल तर प्लायवुडच्या दोन चकत्या घ्यायच्या. मागची चकती लेथच्या तबकडीला आवळायची आणि तिच्यात वाडग्याच्या बुडापुरती खोलगट जागा करायची. दुसऱ्या चकतीवर वाडगा पालथा ठेवून पेन्सिलीने तोंडाची रेघ काढायची, आणि रेघेच्या आत एक सूत ठेवून भोक कापायचे. वाडगा लांबट असेल तर भोकही लांबटच होते, तेच हवे. हे कडे वाडग्याच्या काठावर बसते. मध्ये जुन्या घोंगडीची पट्टी घालायची आणि दोन्ही चकत्या बोल्टांनी जोडायच्या. बोल्टांची डोकी पुढच्या लाकडात बुडवायची, नट मागे ठेवायचे. फिरताना वर आलेला बोल्ट दिसत नाही, आणि बोटाला लागला तर हाडापर्यंत जातो.

बाहेरची बाजू करायची असेल तर उलटे. लाकडाचे एक घुमटासारखे डोके कातून तबकडीला लावायचे, त्यावर घोंगडी घालायची, वाडगा टोपीसारखा बसवायचा आणि मागच्या सेंटरने बुडावर दाबायचा. मध्ये लाकडाची छोटी चकती ठेवायची म्हणजे टोक रुतत नाही. त्या चकतीखालची रुपयाएवढी जागा शेवटी हाताने घासावी लागते. काही जण मध्ये जाड कागद घालून फेविकॉलने ठोकळा चिकटवतात आणि काम झाल्यावर पटाशीने सोडवतात. नव्या लाकडाला ते चालते. पण तेल प्यालेल्या लाकडाला गोंद धरत नाही, त्यामुळे स्वयंपाकातल्या जुन्या वाडग्याला हा उपाय नको.

मोटार लावण्याआधी हाताने पूर्ण फेरी फिरवायची. कुठे अडते का, जड बाजू खाली येते का, ते पाहायचे. मग मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांवर चालवायचे. हौसेने वेग वाढवू नये. दहा इंची वाडगा १५०० फेऱ्यांवर फिरला तर त्याचा काठ सेकंदाला ६५ फूट धावतो. सुटला तर त्याला दगडच समजा. उभे राहायचे ते बाजूला, समोर नाही. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या उतरवलेल्या. हातमोजे घालायचे नाहीत, ते गुंडाळून हात आत ओढला जातो. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके हवेच.

लांबट वाडगा फिरताना पॉलिश पेपर फक्त उंच बाजूंनाच लागतो. म्हणून कागदामागे मऊ स्पंज धरायचा. जिथे पोहोचत नाही तिथे लेथ बंद करून रेषांच्या दिशेने हाताने घासायचे. बैठकीतला वाडगा हलत नाही, हाही तिचा एक फायदा. आधी ८० नंबर, मग १२०, १८० आणि २२०. फणस घासल्यावर पिवळा दिसतो म्हणून घाबरू नका, उजेडात पुन्हा तांबूस होतो.

शेवटी तेल. शेंगदाण्याचे तेल चिकट होऊन वास मारते. औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळते, ते खवट होत नाही. त्याच्या चार भागांत एक भाग मधमाश्यांचे मेण घालून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवले की छान मलम होते. जवसाचे तेलही चांगले, पण रंगाच्या दुकानातले उकळलेले नको, त्यात इतर द्रव्ये असतात. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. काजूच्या टरफलांचे तेल होडीला लावतात म्हणून कुणी सुचवील. ते अंगावर फोड आणते, खाण्याच्या भांड्याला कधीही नको.

आता एक मजुरीची गोष्ट, जरा स्पष्ट बोलते. घासायला तास-दीड तास लागतो, बैठक करायला अर्धा दिवस. चकाकी गिऱ्हाइकाला दिसते, बैठक दिसत नाही. म्हणून पुष्कळ जणी म्हणतात, "एवढ्याशा वाडग्याला एवढे पैसे?" आणि स्वस्त कारागीर शोधतात. तो बैठक करत नाही. तो वाडगाच कापून लेथला जुळवतो. तेव्हा वाडगा कुठेही द्या, आमच्याकडेच द्या असे नाही, पण देण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा : "पकडणार कसा? आणि किती लाकूड काढणार?" उत्तर नीट मिळाले नाही तर वाडगा घरी परत आणा. हाताने घासून तेल लावलेला जुना वाडगा आणखी पिढीभर चालेल.

आमच्या बैठका आम्ही टाकत नाही. मापे लिहून खुंटीला टांगलेल्या आहेत. मंडळातल्या कुणाला हे काम शिकायचे असेल तर गुरुवारी दुपारी पडवीत यावे. दोघी-तिघी शिकल्या तर गावातले वाडगे बाहेर जायचे नाहीत आणि चार पैसे घरात येतील.