किनाऱ्याची वाट कुणी ठरवावी?



समुद्रकाठच्या गावाला गाडीरस्ता लागतो, तशी पायवाटही लागते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाई बाजाराला निघते, ती पायवाटेने. मुले शाळेत जातात, ती पायवाटेने. जाळी होडीपर्यंत न्यायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, तेही याच वाटेने. आता पाहुणेही येतात. त्यांनाही समुद्राच्या कडेने चालायला आवडते. म्हणून किनाऱ्याची वाट सुधारायची बोलणी निघतात. चांगली गोष्ट आहे. पण ही वाट कुठून न्यायची, हे कुणी ठरवायचे?

कागदावर रेघ ओढणे सोपे. पण समुद्र काही कागद वाचत नाही. दिवसातून साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. पावसाळ्यात वाऱ्याचा जोर असला की पाणी आणखी वर चढते. ओहोटीला कोरडी दिसणारी जागा उधाणाला पाण्याखाली जाते. हे कुणाला ठाऊक असते? जो रोज तिथून जातो, त्याला.

वाळूचेही तसेच. किनाऱ्यावर मर्यादावेल तुम्ही पाहिली आहे. बकरीच्या खुरासारखी पाने, जांभळी फुले. ही वेल वाळू धरून ठेवते. ती उपटून वाट केली, तर वाळू मोकळी होते आणि वाऱ्याने उडते. पाण्याला लागून पक्की भिंत घातली, तर लाट तिच्यावर आपटते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. मग भिंतही खचते. म्हणून वाट पाण्यापासून मागे घ्यावी. ओहोळावर साकव घालावा. चढावर जांभ्या दगडाची पाखाडी करावी. वाळूच्या टेकाडावरून जाणे भागच असेल, तर खांबांवर उचललेली लाकडी वाट करावी. खालून वाळू हलते, वेलही जगते.

इंग्लंड देशातली गोष्ट सांगतो. तिथे पूर्वी चोरटा माल पकडायला पहारेकरी किनाऱ्याने गस्त घालीत. त्यांच्या पावलांनी बऱ्याच ठिकाणी वाटा पडल्या. पुढे २००९ साली तिथे कायदा झाला, की साऱ्या किनाऱ्याला लोकांसाठी पायवाट असावी. पण सरकारने एकदम काम सुरू केले नाही. अधिकारी आधी किनारा चालले. जमीनवाल्यांशी बोलले. मग वाटेचा आराखडा जाहीर करायचा आणि लोकांनी आपले म्हणणे लिहून कळवायचे, अशी रीत ठेवली. आणखी एक शहाणपण केले. समुद्राने कडा खाल्ला, तर वाटही आत सरकवायची, हे आधीच ठरवून ठेवता येते.

आपल्याकडेही साधने आहेत. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा राखण्याचे नियम केले. २०११ आणि २०१९ साली ते नव्याने निघाले. भरतीच्या रेषेजवळ मनाला येईल ते बांधता येत नाही. परवानगी लागते. गावात ग्रामसभा आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असे महाराष्ट्राचा कायदा सांगतो. ती सभा चुकवू नका. दोन पाटीवाल्या समोरासमोर आल्या, तर वाट किती रुंद हवी, हे त्याच सांगू शकतील. दिवा कुठे हवा, हेही त्याच सांगतील.

मग करावे काय? आधी सगळ्यांनी मिळून वाट चालावी. एकदा ओहोटीला, एकदा उधाणाच्या भरतीला. पाणी जिथवर आले, तिथे खुंट्या ठोकाव्या. होडी कुठून ओढतात, मासळी कुठे वाळते, ते पहावे. त्या जागा वाटेने अडवू नयेत. जिला काठी टेकून चालावे लागते, तिलाही बरोबर घ्यावे. ती जिथे थांबते, तिथे पायरी उंच आहे असे समजावे. ज्याच्या वाडीतून वाट जाते, त्याच्याशी आधी बोलावे. त्याची माडाची बाग तोडून गावाचे भले होत नाही. वाट झाल्यावर ती दुरुस्त कोण करणार, हेही आधीच लिहून ठेवावे.

शेवटी ठराव होतो. इथे तुमचे नवे शिक्षण कामाला येते. पूर्वी कागद पुढे आला, की आपण अंगठा उठवीत होतो. त्यात काय लिहिले, ते दुसरा सांगेल तेच खरे. आता तसे नको. ठराव स्वतः वाचा. जे बोललो, तेच लिहिले आहे काय? खुंट्या ठोकल्या, तीच जागा धरली आहे काय? अडले तर सावकाश वाचा, शेजाऱ्याला विचारा. तेवढा वेळ सभा थांबेल. पटले तरच सही करा. नाही पटले, तर काय पटले नाही ते लिहून द्या. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. तुमचे म्हणणे कागदावर राहील.