मानवशास्त्राचा वर्ग : किन्हवलीत की विद्यापीठात?



बारावीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाडच्या खेड्यापाड्यांतील घरांपुढे एक प्रश्न उभा राहतो : मुलाला वा मुलीला किन्हवलीसारख्या गावच्या लहान महाविद्यालयात घालावे, की मुंबई-पुण्याच्या मोठ्या विद्यापीठाकडे धाडावे? विषय मानवशास्त्राचा असेल तर हा प्रश्न अधिकच बोचतो. ठाकर, वारली, महादेव कोळी, कातकरी या समाजांवर मानवशास्त्राने पुष्कळ लिहिले. पण त्यांच्याच मुलांना तो विषय शिकावयाचा झाला तर ग्रामीण महाविद्यालयात तो सहसा मिळत नाही, आणि शहरातला खर्च पेलत नाही.

मोठ्या विद्यापीठाचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९२४ पासून तेथे संशोधकांच्या पिढ्या घडविल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्वे १९३९ पासून शिकवीत होत्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि निरनिराळ्या प्रांतांतले सहाध्यायी यांवाचून तुलना साधत नाही, आणि तुलनेवाचून मानवशास्त्र नाही. जो केवळ आपलाच पाडा जाणतो, तो आपल्या रूढीलाच मनुष्यस्वभाव समजून बसतो.

तथापि विद्यापीठ केव्हा गाठावे, हा निराळा प्रश्न आहे. घुर्ये मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. मानवशास्त्राचे धडे त्यांनी पुढे केंब्रिजला घेतले. इरावतीबाईंनी १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली ती तत्त्वज्ञानात. म्हणजे पदवीला मानवशास्त्र नव्हते म्हणून या दोघांची वाट अडली नाही. किन्हवलीत समाजशास्त्र वा इतिहास नीट शिकलेल्या मुलीची तरी का अडावी?

नामांकित संस्थेत सत्यच शिकविले जाते, असेही नाही. इरावतीबाईंचे बर्लिनमधील मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तसे निघाले नाही, आणि त्यांनी प्रबंधात तेच मांडले. साधने विद्यापीठाने दिली; ही निर्भयता त्यांची स्वतःची होती.

आता लहान महाविद्यालयाच्या परिसराकडे पाहू. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि मुलांची शाळा सुटते. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली रद्द झाली; पण उचल फिटते कशी, फिटते की नाही, हे त्या कुटुंबात बसूनच कळते. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. पाड्याची बोली आणि हंगाम जाणणारा विद्यार्थी येथे ज्या गोष्टी टिपील, त्या बाहेरच्या संशोधकाच्या ध्यानी यावयास वर्ष लागेल.

मात्र जवळ राहणे म्हणजे जाणणे नव्हे. भट्टीचा मालकही जवळच राहतो. केंब्रिजमध्ये घुर्ये ज्यांचे विद्यार्थी होते, त्या रिव्हर्स यांनी वंशावळी नोंदविण्याची पद्धत रूढ केली. कोण कोणाचा, कोणाचे लग्न कोठे झाले, हे क्रमाने विचारून लिहीत गेले म्हणजे नातेसंबंधांचा सारा आराखडा उघड होतो. त्यासाठी लागतात वही, चिकाटी आणि शिकविणारा प्राध्यापक.

म्हणून पालकांनी महाविद्यालयाच्या इमारतीकडे पाहू नये. विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहे काय, ग्रंथालय उघडे असते काय, विद्यार्थ्यांना पाड्यावर नेऊन नोंदी तपासल्या जातात काय, हे विचारावे. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर पदवी येथेच घ्यावी आणि पदव्युत्तर अभ्यासासाठी विद्यापीठात जावे. उत्तर नकारार्थी असेल, तर केवळ घराजवळ आहे म्हणून मुलीला येथे अडकवून ठेवणे हा तिच्यावर अन्याय होय.

आणि ती विद्यापीठात निघाली की वसतिगृहातील जागा व शिष्यवृत्ती तिला वर्ष सुरू होतानाच मिळाली पाहिजे. वर्षअखेरीस मिळालेल्या शिष्यवृत्तीने खाणावळीचे बिल भागत नाही. ग्रामीण महाविद्यालयांत मानवशास्त्राची निदान एक अभ्यासपत्रिका सुरू व्हावी, हीही मागणी रास्त आहे. कार्यकर्त्यांनी या दोन मागण्या हाती घ्याव्यात. एरवी कातकऱ्यांवरचा पुढचा ग्रंथही इतरच कोणी लिहील, आणि कातकऱ्याची मुलगी त्यात केवळ माहिती पुरविणारी म्हणून राहील.