चौदाव्या शतकातील नॉर्वेची सफर

हजार पानांची ऐतिहासिक कादंबरी पाहिली की हात मागे सरतो. पण एकदा तिच्या जगात शिरलं, की पानं मोजायचं भानच राहत नाही.

नॉर्वेच्या लेखिका सिग्रिड उन्सेट यांची ‘क्रिस्टिन लाव्रान्सदात्तर’ अशीच आहे. 1920 ते 1922 या काळात ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. 1928 साली उन्सेट यांना साहित्याचं नोबेल मिळालं, ते मुख्यतः मध्ययुगीन जीवनाच्या अशा चित्रणासाठी. वडील पुरातत्त्वज्ञ असल्यामुळे जुन्या काळाची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती.

चौदाव्या शतकातल्या एका सधन शेतकऱ्याच्या मुलीची ही कथा. वडिलांचा विरोध पत्करून केलेलं लग्न, संसार, मुलं, शेती, चर्चचा धाक आणि 1349 साली नॉर्वेत पोहोचलेली प्लेगची साथ. राजकारण येतं, पण ते घरातल्या माणसांवर काय ओढवतं, त्या अंगानं.

अशी कादंबरी वाचताना तीन गोष्टी कराव्यात. पात्रांची नावं आणि नाती एका कागदावर लिहून ठेवावीत. नकाशा जवळ घ्यावा. आणि घाई करू नये. इथं काळ संतांच्या सणांवरून मोजला जातो, जसा आपल्याकडे पोळा-दसऱ्यावरून.

इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. तिन्ही खंड एकदम आणू नका. पहिला वाचा, मग दुसऱ्यासाठी तुम्हीच ग्रंथालय गाठाल.