अपघात विभागातील कुलूप आणि किल्ली



छत्तीसगड व विदर्भातल्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि रुग्णालयांचे संगणक सांभाळणाऱ्यांचे हे संमेलन कुरुदला भरवलेत याचा विशेष आनंद वाटतो. भिलाईच्या परिसरातली, कोहका आणि जामुलच्या शेजारची ही वस्ती. भिलाईला आपत्कालीन उपचार काय असतात ते पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या वायुवाहिनीत स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे गेली. भाजलेल्यांना सेक्टर ९ च्या रुग्णालयात नेले. अशा वेळी कुठल्याही रुग्णालयाच्या दारात नातेवाईक, ठेकेदार, पोलीस, पत्रकार एकदम जमतात आणि प्रत्येकाला माहिती हवी असते. कुणाला काय सांगायचे आणि काय राखायचे, हे त्या घाईत ठरवता येत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते.

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, "आधी जीव, मग गोपनीयता." मला हे मान्य आहे. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, हे मला मान्य नाही. आड येते ते चुकीच्या जागी लावलेले कुलूप.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती एन्क्रिप्ट झाली, म्हणजे किल्लीवाचून वाचता येईनाशी झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, दाखल रुग्णांच्या नोंदी, सगळे कित्येक दिवस हाताने कागदावर लिहावे लागले. या घटनेत एन्क्रिप्शन होतेच; ते चोरांनी केले होते आणि किल्ली त्यांच्याकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयावर असाच हल्ला झाला. तिथला अपघात विभाग बंद ठेवावा लागला, एका अत्यवस्थ स्त्रीला वुपरटालला न्यावे लागले आणि ती वाचली नाही. हल्ल्यामुळेच मृत्यू आला हे तपासात पुढे सिद्ध होऊ शकले नाही, तेही सांगितले पाहिजे. पण तुम्ही विद्यापीठावर नव्हे, रुग्णालयावर घाव घातला आहे, असे पोलिसांनी कळवल्यावर हल्लेखोरांनी किल्ली देऊन टाकली. रुग्णालयाचे काम एका गुन्हेगाराच्या मर्जीवर अवलंबून राहिले!

एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत २००१ मध्ये अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे सगळे गणित जगापुढे उघडे आहे, तरी ती नीट वापरली तर प्रत्यक्षात कुणाला फोडता आलेली नाही. गुपित असते ते किल्लीत. म्हणून कोणते सॉफ्टवेअर घेतले हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. किल्ली कुणाकडे आहे, हे मी आधी विचारेन.

आता आपल्या घरातले पाहू. दुर्गहून रुग्ण नागपूरला पाठवायचा असतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ ने, देवरी ओलांडून, सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर. रुग्णवाहिका निघण्याआधीच ईसीजीचा फोटो, स्क्रीनवरून टिपलेला सीटी, केस पेपर, सगळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोचलेले असते. मी याची निंदा करणार नाही. हृदयविकारात मिनिटे मोजावी लागतात आणि या फोटोंनी माणसे वाचवली आहेत. व्हॉट्सॲपमध्ये २०१६ पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एन्क्रिप्शन आहे, हेही खरे. पण ते वाटेपुरते. फोटो पोचला की तो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत उतरतो, तिथून बॅकअपमध्ये जातो. नोकरी सोडून गेलेला तंत्रज्ञ ग्रुपमध्ये तसाच असतो. फोटोच्या कोपऱ्यात नाव, वय, नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येतो. एचआयव्हीबाधितांच्या माहितीला २०१७ च्या कायद्याने वेगळे संरक्षण दिले, अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे; गॅलरीला यातले काही ठाऊक नसते. कंत्राटी कामगाराची फिट किंवा क्षय ठेकेदाराच्या कानावर गेला, तर त्याचे काम सुटू शकते. त्या घराचे पुढे काय होते, हे या वस्तीतल्या माणसांना मी सांगायला नको.

दुसरी अडचण उलट बाजूची. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाची नोंद एकीकडून दुसरीकडे पाठवताना दर वेळी तात्पुरत्या किल्ल्यांची नवी जोडी तयार होते. ही रचना भक्कम आहे आणि तिच्या कर्त्यांचे मी कौतुक करतो. मात्र तिथे रुग्णाची संमती लागते, आणि बेशुद्ध माणूस मोबाइलवर आलेला ओटीपी कसा सांगणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जिवावरच्या प्रसंगी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. ही मुभा कॅज्युअल्टीच्या टेबलापर्यंत आणणे हे आपले काम.

त्यासाठी आणीबाणीचा वेगळा दरवाजा ठेवावा लागतो. ड्यूटीवरच्या डॉक्टरने स्वतःच्या ओळखीने, कारण नोंदवून, तो उघडावा. आत रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, जुने आजार एवढेच दिसावे. कोणी, कधी, काय पाहिले याची नोंद पुसता येऊ नये, सकाळी ती दुसऱ्या जबाबदार व्यक्तीने तपासावी आणि रुग्ण सावरल्यावर त्याला सांगावे. हे न करता बारा अक्षरी पासवर्डची सक्ती केली, की तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला दिसतो आणि तिन्ही पाळ्या त्याच एका लॉगिनवर चालतात. यात मी सिस्टरांना दोष देणार नाही. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत कधी उभे न राहिलेल्यांनी तो नियम केलेला असतो. कार्डाने किंवा बोटाच्या ठशाने दोन सेकंदांत लॉगिन होत असेल, तर कुणीही दुसऱ्याचा पासवर्ड वापरणार नाही.

लहान रुग्णालये म्हणतील, आम्हाला हे परवडत नाही. कार्डयंत्रे उद्याच घ्या, असे मी म्हणणार नाही. पण बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवायला, सोडून गेलेल्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद करायला, फोटो काढण्याआधी नावावर बोट ठेवायला फार पैसे लागत नाहीत. उलट, पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २०२३ च्या त्याच कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

माझी आपणा सर्वांना एक विनंती आहे. परत गेल्यावर आपल्या रुग्णालयातल्या माहितीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, तो माणूस रजेवर असेल तर कुणाकडे, आणि सर्व्हर बंद पडला तर कागदावर काम कसे सुरू होईल, हे एका पानावर लिहून काढा. त्यावर वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्या आणि एका रात्रपाळीत त्याचा सराव करा. पुढच्या संमेलनाला ते पान सोबत आणा. आपण ती सगळी पाने एकत्र बसून वाचू.