हवामान, गुंठा आणि टँकर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला ‘हवामान बदल’. नोटीस लागली त्याच दिवशी जिन्यात एक वहिनी म्हणाल्या, “हो ना काका, हवामान बदललंय, घरोघरी सर्दी-खोकला.” हसू नका. अडचण त्या शब्दाचीच आहे. आज दुपारी पाऊस येईल का, तेही आपल्याकडे हवामान. आणि तीस वर्षांत कोकणातला पाऊस कसा वागला, तेही हवामानच.

मी बँकेतला माणूस, तेव्हा बँकेच्या भाषेत सांगतो. आजची शिल्लक वेगळी आणि वर्षानुवर्षांची सरासरी शिल्लक वेगळी. एका दिवशी खात्यात पैसे जास्त दिसले म्हणून कोणी कर्ज मंजूर करत नाही. शास्त्रज्ञही साधारण तीस वर्षांचं पासबुक बघतात. डिसेंबरात मनोरला दोन दिवस कुडकुडलो की “कुठे गेली तुमची तापमानवाढ?” असं विचारणारे मस्तान नाक्यावर भेटतात. ते एकच नोंद वाचतात. पृथ्वीचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा १ अंशाहून जास्त वाढलंय. आता १ अंश ऐकून कोणाला घाम फुटणार? पण हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पाऊस पडतो तेव्हा मग ओततो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या डॉ. रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि मोसमी पावसाची सरासरी मात्र घटली. “पाऊस वाढला की कमी झाला, एक काय ते सांगा,” असं आपण म्हणतो. दोन्ही खरं आहे. पगार कमी झाला आणि तोही चार दिवसांतच हातात पडला, तसं.

आता मिलिमीटर. सरकार एका दिवसात ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी धरतं, आणि हवामान खातं २०४.५ च्या पलीकडे गेलं की अत्यंत मुसळधार म्हणतं. मोबाईलवर ‘२०० मिमी’ वाचून आपण चहा पितो. मी गणित करून पाहिलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा केला! २०० म्हणजे दोन. आपल्या इकडे गुंठा सगळ्यांना कळतो, आणि टँकर तर एप्रिल-मेमध्ये फारच चांगला कळतो.

दुसरा घोटाळा ‘शक्यता’ या शब्दाचा. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ होतं. ते आपल्या किनाऱ्यावर आलं नाही, तरी पावसाने शेतात कापून ठेवलेलं भात भिजलं. पाठोपाठ दुसरं आलं, त्याचं नावच ‘महा’. कापलेल्या भाताला शेतातच कोंब फुटलेले पाहणं फार वाईट. ही वादळं तापमानवाढीनेच आणली का? शास्त्रज्ञ असं सरळ म्हणत नाहीत. समुद्र तापलाय, त्यामुळे तीव्र वादळांची शक्यता वाढली, एवढंच म्हणतात. लोकांना वाटतं, यांनाच नक्की ठाऊक नाही. अहो, कोणता कर्जदार थकेल हे कुठल्याच मॅनेजरला आधी सांगता येत नाही. पण दुष्काळाच्या वर्षी थकबाकी वाढणार, हे आमचा शिपाईसुद्धा सांगे. त्याला कोणी अज्ञान म्हणत नव्हतं.

आणि ‘ऑरेंज अलर्ट’ आला, म्हणजे करायचं काय? शेतकऱ्याला रंग नको असतो. उद्या कापू की थांबू, कापलेलं भात कुठे हलवू, हे त्याला हवं असतं. आपल्याला हवं असतं ते तळमजल्याची मोटार उचलायची का, मुलांना शाळेत पाठवायचं का, गाडी कुठे लावायची.

तर माझी एक सूचना आहे. गच्चीवर एक साधं पर्जन्यमापक बसवू. सकाळी साडेआठला आकडा घ्यायचा आणि गेटजवळच्या फळ्यावर लिहायचा, मिलिमीटरमध्ये आणि शेजारी टँकरमध्ये. पहिली पाच वर्षं नोंद मी ठेवतो, पुढचं तरुणांनी बघावं. खर्च किरकोळ आहे, तरी रीतसर ठराव पुढच्या सभेत मांडीन. अनुमोदक आत्ताच हात वर करा.