सेवेला निघण्याआधी

(नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या यांच्या लातूर येथील एकत्रित शिबिरात केलेले भाषण)



नांदेड-लातूरच्या नर्सिंगच्या मुली आणि गावोगावच्या आशाताई आज एकाच सतरंजीवर बसल्या आहेत, याचा मला आनंद आहे. सकाळी चहाच्या वेळी तिघी मुलींनी मला विचारलं, "ताई, नेपाळला नाहीतर आफ्रिकेत आरोग्य प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून जावं का?" जरूर जा. मुलगी एकटी परदेशी निघाली की अडवणारे घरात पुष्कळ असतात, त्यात माझी भर नको. मात्र चार प्रश्न विचारून जा. हे प्रश्न मला किल्लारीने शिकवले.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली साडेसात हजारांहून जास्त माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. देशातून, परदेशातून मदत आली. मीही नांदेडहून औषधांची पेटी घेऊन गेले. नांदेडची असूनही त्या गावाला मी परकीच होते. ओळख कुणाची नव्हती आणि थोड्या दिवसांनी मी परतणार होते.

पत्र्याच्या शेडमधल्या बाया लघवीला जळजळ होते म्हणून यायच्या. मी गोळ्या द्यायचे, वहीत आकडा लिहायचे. एक दिवस एक म्हातारी म्हणाली, "गोळ्याचं काय करू माय? आडोसा द्या." माझे डोळे उघडले. दिवसा बसायला जागा नव्हती, म्हणून बाया पाणीच पीत नव्हत्या, अंधार पडेपर्यंत दाबून धरत होत्या. आम्ही तट्टे बांधून आडोसा केला आणि तक्रारी कमी झाल्या. मी स्वतः बाई, तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न: तिथल्या बायांनी काय मागितलं आहे?

दुसरा: त्यांचं बोलणं मला कळणार आहे का? 1938 साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवू लागले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पण त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान, ज्या तिथेच परिचर्या शिकवत होत्या, त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? बाहेरून आलेला डॉक्टर लक्षात राहतो. तिथली नर्स कुणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरा: मी निघाल्यावर काम कोण करणार? जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. गावातल्याच बाया निवडल्या, त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. त्या बाळंतपणं करू लागल्या, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी द्यायला आयांना शिकवू लागल्या. आज जगभरातून लोक जामखेडला शिकायला येतात. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीत महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. 2001 मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या भूकंपग्रस्त बाया कच्छमध्ये गेल्या. पडलेलं घर पुन्हा उभं केल्याचा अनुभव हीच त्यांची शिदोरी होती.

चौथा: इथे जे करायची मला परवानगी नाही, ते तिथे करायला मिळतं म्हणून मी जाते आहे का? काही संस्था स्वयंसेवकाकडूनच फी घेतात आणि शिकाऊ मुलीच्या हाती सुई देतात, बाळंतपणाला उभं करतात. तिथल्या गरीब बाईचं शरीर आपल्या सरावासाठी नाही. आपल्या आईवर, बहिणीवर कुणी असा हात साफ केला तर चालेल का?

आता 'स्वयंसेवक' या शब्दाकडे या. परदेशी जाणारी मुलगी तिकिटाचे पैसे भरते, तिला प्रमाणपत्र मिळतं, पुढे नोकरीत उपयोग होतो. आणि या आशाताई? 2005 पासून सरकार त्यांनाही स्वयंसेविकाच म्हणतं. साधारण हजार वस्तीमागे एक बाई. गरोदर बाईला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारी, कोरोनात दारोदार फिरणारी. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्यानंतर महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला, 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानावर बसावं लागलं, तेव्हा मोबदला वाढला. कर्मचारी म्हणून मान्यता मात्र मिळाली नाही. एकीची सेवा हौसेची, दुसरीची सेवा पोटाला चिमटा काढून. दोघींना एकच शब्द लावला की दुसरीचा पगार कुणाला द्यावा लागत नाही.

तेव्हा मुलींनो, जाण्याआधी महिनाभर एखाद्या आशाताईबरोबर फिरा. तिच्या वहीत काय लिहिलं जातं आणि काय राहून जातं, ते पाहा. ज्या प्रकल्पावर जाणार आहात, त्याला लिहून विचारा की तिथल्या गावच्या कार्यकर्तीला पगार किती देता. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा. आणि परत आलात की या सतरंजीवर येऊन बसा. काय दिलंत ते थोडक्यात सांगा. तिथल्या बायांनी तुमची कोणती चूक दाखवून दिली, ते मात्र सविस्तर सांगा.